उडत्या चालीचं औषध

एका महिन्यात रक्तातली साखर खाली आणून दाखवतो, नाही आणली तर या मिश्या उतरवून ठेवतो! कऱ्हाटीच्या मानसिंग आबांनी हे बारामतीहून सुटलेल्या एसटीत, उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पण आबांचा आवाज चाळीस वर्षं मेंढरांच्या मागं उघड्या माळावर पिकलेला. ते कुजबुजले तरी कंडक्टर गाडी थांबवायचा.

“आन् आणणार कशी, आबा?” मागच्या बाकावरून म्हस्कूनं विचारलं. म्हस्कू त्यांच्याच आळीतला, आणि साखरेच्या बाबतीत आबांच्याही दोन पावलं पुढं.

“गाणं ऐकून!”

गाडी नेमकी तेव्हाच खड्ड्यात आदळली, त्यामुळं सगळ्या प्रवाशांचा ‘आँ?’ एकदमच बाहेर पडला.

“डाक्टरीणबाईनं सांगितलंय. गोळ्या थोड्या, गाणं जादा. रोज पाऊण तास. हे बघ यंत्र!” आबांनी बंडीच्या खिशातून काडेपेटीएवढी निळी डबी काढली आणि पैलवानानं जिंकलेली गदा फिरवावी तशी साऱ्या गाडीला फिरवून दाखवली.

शेजारी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाळसाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. नवऱ्याची गोष्ट मिश्यांवर आली की आपण गप्प बसायचं, हे त्या संसाराच्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या.

त्याचं झालं होतं असं. गावच्या बिरोबाच्या जत्रेत गजीचा नाच होतो. गोल रिंगण धरून धनगर नाचतात आणि मधे ढोल घुमतो. ढोलाची चाल जशी, तसे नाचणाऱ्यांचे पाय. तीस वर्षं तो ढोल मानसिंग आबांच्या गळ्यात होता. पण गेल्या जत्रेत सावळारामानं भर रिंगणात बोलून दाखवलं, “मानसिंगा, तुजी चाल मंद झाली रं! फुडल्या वर्षी ढोल माझ्याकडं दे.” लोकरीत कुसळ अडकावं तसा तो शब्द आबांच्या मनात वर्षभर अडकून बसला होता. काढायला जावं तर आणखी आत!

आणि त्या सकाळी बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर सरोजिनीबाई रिपोर्टवरची नजर न काढता म्हणाल्या, “मानसिंगराव, आत येताना बघितलं मी. चाल फार मंद झालीय तुमची.”

आबा खुर्चीत ताठ झाले. सावळारामानं बारामतीपर्यंत बातमी पोचवली!

“तुमच्यापतुर आलं व्हय, म्याडम?”

“आलं म्हणजे? दिसतंय की. गोळ्या देते मी, पण गोळ्यांनी सगळं होत नाही. चाल सुधारली पाहिजे. रोज पाऊण तास. आणि उडती चाल हं! रमतगमत नको.”

“उडती चाल म्हंजे आपला हातखंडा हाय, म्याडम. पर जत्रंतला ढोल—”

“ढोल महिनाभर बंद. एवढं वजन गळ्यात नको. महिन्यानं साखर उतरली तर जत्रेत खुशाल वाजवा. नाही उतरली तर यंदा ढोल नाही.”

आबांच्या डोळ्यांपुढं सावळाराम उभा राहिला. गळ्यात ढोल, तोंडावर हसू.

“मग ढोल नसताना चाल ठिवायची कशी?” त्यांनी रडकुंडीला येऊन विचारलं.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. “कंटाळा येतो ना? सगळ्यांनाच येतो. एखादं छोटं गाण्याचं यंत्र घ्या. गाणं लावलं की चाल आपोआप सुधारते. माझे कितीतरी पेशंट तसंच करतात.”

एवढं बोलून त्यांनी एक छापील कागद दिला. आबांनी तो चार घड्या घालून बंडीत ठेवला. आबा लहानपणी शाळेत तीनच दिवस गेले होते. चौथ्या दिवशी मेंढरांचा वाडा दुसऱ्या रानात हलला आणि शाळा मागं राहिली. म्हाळसाबाई त्या वेळी औषधाच्या खिडकीपुढं रांगेत होत्या. त्यामुळं डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्यांना कळलं ते आबांच्याच तोंडून. आणि आबांचं तोंड तर एसटीत ऐकलंच!

यंत्र घ्यायला दोघं पेठेतल्या एका दुकानात शिरले. काउंटरवर एक मुलगी होती. तिच्या छातीवरचा बिल्ला म्हाळसाबाईंनी अक्षराला अक्षर जोडून वाचला. अ, बो, ली. चार वर्षांपूर्वी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा साठीला टेकलेल्या म्हाळसाबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या होत्या, आणि तेव्हापासून दिसेल ते वाचायची त्यांना खोडच लागली होती. मुलीचं नाव अबोली होतं खरं, पण ते ठेवणाऱ्यांनी तिला बोलताना ऐकलेलं नसावं.

“या आबा, बसा आजी, व्यायामासाठी पाहिजे ना? मग हे बघा बिनवायरचे, कानात घातले की पडत नाहीत, घाम आला तरी चालतं, पाऊस आला तरी चालतं!” तिनं एक पांढरी डबी उघडली. आत दोन गुबगुबीत, चकचकीत मणी.

आबा दोन पावलं मागं सरले. “गोचीड!”

“काय?”

“पोरी, उभा जन्म मेंढरांच्या कानातनं असले गोचीड उपटण्यात गेला माझा. आता इकत घिऊन माझ्याच कानात घालू?”

अबोलीनं न हसता डबी मिटली. मग वायरवाले दाखवले. “कानात बोळं घातल्यावर मागनं लांडगा आलेला कसा कळंल?”

“आबा, बारामतीत कुठला लांडगा?”

“दुचाक्या काय कमी हायत?”

मग लाल-हिरवे दिवे लागणारा भला मोठा स्पीकर निघाला. “हा तर ढोलच झाला. ढोल मला बंद हाय.” मग तिनं सुचवलं, फोनवरच ऐका. “फोनवर गाणं लावलं की मधीच माझा मेव्हणा बोलाय लागतो. आन् एकदा लागला की बॅटरी संपल्याबिगर थांबत न्हाय.”

शेवटी अबोली खाली वाकली आणि अगदी तळाच्या खणातून ती निळी डबी निघाली. मागं चिमटा, आतच छोटा स्पीकर, पुढं चार बटणं. आबांनी ती तळहातावर घेतली, आणि मग दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही आपली खरेदी सोडून बघत उभी राहिली. कारण बाजारात मेंढा पारखावा तसं आबा यंत्र पारखायला लागले! आधी डोळे मिटून वजन अजमावलं. मग उलटं करून पोट बघितलं. दोन्ही कुशी बोटांनी दाबल्या. शेवटी चारही बटणांवरून अंगठा फिरवला.

“चार दाती हाय. जवान हाय.” त्यांनी मान डोलावली. “चारा काय खातं?”

अबोली गोंधळली, पण क्षणभरच. “वीज! तासभर खाल्लं की दहा तास चालतं!”

“दहा तास! माझा खंड्या मेंढा बी चार तासाला बसायचा.”

“वजन नाही, काही नाही, चिमट्यानं कुठंही अडकवा. व्यायामाला याच्यासारखं दुसरं नाही, आबा. नुसतं लावायचं, चाल आपोआप जमते!”

आबांनी विजयी नजरेनं बायकोकडं पाहिलं. आता तर दुसऱ्या जाणकारानंही तेच सांगितलं होतं!

“गाणी कोणती भरू?”

“गजीची. ढोल आन् कैताळाच्या झांजा. समदं उडत्या चालीचं.”

“माझे आजोबा नाचायचे गजीत,” अबोली म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा गप्प झाली. मग तिनं एकेक चाल स्वतः ऐकून, संथ असेल ती बाजूला टाकून, चाळीस चाली त्या डबीत भरून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अंगणात खाट पडली. आबा पायावर पाय टाकून बसले. निळी डबी उशाशी. ढोल घुमायला लागला. आबांनी डोळे मिटले आणि पाऊण तास मान हलवत औषध घेतलं.

पहिल्या दिवशी आबा एकटे होते. दुसऱ्या दिवशी म्हस्कू सतरंजी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी भामाबाई आल्या, त्यांना साखरही होती आणि गुडघेही होते. आठवडा भरायच्या आत आळीतले सतरा पेशंट अंगणात मांडी घालून बसायला लागले. बोलायचं नाही, खोकायचं नाही. फक्त चाल ऐकायची!

“डाक्टर असावा तर असा,” म्हस्कू म्हणाला. “न्हायतर आमचा. सुईबिगर बोलतच न्हाय.”

“पर उपाशीपोटी औषध बाधतं हां,” म्हणून भामाबाईंनी पातेलंभर शिरा आणला.

“भामे, शिरा? साखरवाल्यांना?”

“गाण्यानं साखर जळतीया. मग जळाय आत काय तरी घालाय नगं का?”

हे सगळ्यांनाच पटलं. दुसऱ्या दिवशी म्हस्कूच्या घरून शेंगदाण्याचे लाडू आले. आबांचा करगोटा घट्ट व्हायला लागला. आबा म्हणाले, औषध अंगी लागतंय.

सावळाराम रस्त्यानं जाता जाता कुंपणाशी थांबायचा. “मानसिंगा, ढोल पुसून ठिव. यंदा मला लागंल.”

“माजी चाल डाक्टरच्या देखरेखीखाली हाय!” आबा डोळे न उघडता सांगायचे.

आठव्या दिवशी म्हाळसाबाईंनी बंडी धुवायला घेतली तेव्हा खिशातून तो छापील कागद निघाला. कागदावर हात हलवत पाऊल उचललेल्या माणसाचं चित्र होतं.

“बघ, नाचतोय,” आबा खाटेवरून म्हणाले.

“पायांत बूट घालून?”

“शेरगावचं असंल. तू वाच की! ‘चाल’ लिवलंय का न्हाय?”

म्हाळसाबाईंनी कागद उजेडाला धरला. ओठ हलवत, बोट सरकवत त्या एका ओळीपाशी थांबल्या. तिच्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “लिवलंय.” आणि कागदाची घडी करून पदराच्या गाठीत बांधली.

नवव्या दिवशी सकाळी खाट पडली, सतरा पेशंट बसले, शिरा आला, आणि डबीच सापडेना! उशी झटकली, खाट उलटी केली, म्हस्कूला उठवून सतरंजी झाडली. एवढ्यात आळीच्या टोकाकडून ढोल ऐकू आला. सगळ्यांनी माना वळवल्या. आबांची एरवी दावणीला बांधलेली भिंगरी शेळी रस्त्याच्या मधोमध उधळत निघाली होती आणि तिच्या गळ्यात निळी डबी घुमत होती. बिचारी ढोलाला भिऊन पळत होती आणि ढोल तिच्या गळ्यातच होता!

“आगं भिंगरे! माझं औषध!”

आबा निघाले. अडुसष्ट वर्षांचं वय, आठ दिवसांचा शिरा आणि लाडू. पहिली शंभर पावलं त्यांचा श्वास भात्यासारखा वाजला. गाणं संपलं की भिंगरी थांबून मागं बघायची. आबा हाताच्या अंतरावर आले की पुढचं गाणं सुरू व्हायचं आणि ती पुन्हा सुसाट.

पण देवळाच्या पुढं गेल्यावर काहीतरी झालं. आबांच्या जिभेवर आपोआप जुनी हाळी आली. “हुर्रर्र... हौ हौ!” कळप विकला त्याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत ते कुणाच्या मागं चालले नव्हते, कारण पुढं कुणी नव्हतंच. आणि मेंढपाळ माणूस नुसतंच, मोकळ्या रस्त्यावर, कशासाठी चालेल? आता पुढं चार पाय होते. मागं आबांचे दोन पाय असे पडायला लागले की म्हस्कूला त्यांना गाठताना धाप लागली. हो, म्हस्कूही होता! औषध पळालं म्हटल्यावर सगळे पेशंट मागं पळत होते, आणि सगळ्यांच्या शेवटी भामाबाई, कमरेवर शिऱ्याचं पातेलं घेऊन. नदीकाठच्या बाभळींपाशी भिंगरी शेंगा खायला थांबली तेव्हा पातेल्यात चमचाच उरला होता.

आबांनी डबी सोडवली. चिमटा शेळीच्या गळपट्ट्याला लागलेला, वर काळ्या लोकरीची एक घट्ट गाठ. “गाण्याचा नाद लागलाय शेरडाला! सवताच अडकवून घेतलं!” ते घरी येऊन थक्क होऊन सांगत होते.

“व्हय,” म्हाळसाबाई भाकरी थापत म्हणाल्या. “लई शानं शेरडू.”

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा खाटेवर बसले. पण चाल अंगात शिरेना. बिनमिठाच्या पिठल्यासारखी लागली. ते उठले, भिंगरीच्या गळ्यात डबी अडकवली आणि निघाले. मागं आळी निघाली. मग रोजचंच झालं. पुढं शेळी, तिच्यामागं आबा, त्यांच्यामागं सतरा पेशंट. भिंगरीचंही भय मोडलं आणि ती ऐटीत, मान उंच करून चालायला लागली. शिरा बंद झाला, कारण पातेलं घेऊन कुणाला चालवेना.

पण आबांना आतून टोचत होतं. त्यांनी सगळ्यांकडून बिरोबाची शपथ घेतली. “बारामतीत कुणी बोलायचं न्हाय! पाऊण तास चाल ऐकायची सोडून आपण उंडारतोय हे म्याडमला कळलं, तर माझा ढोल गेलाच म्हणून समजा.”

महिना भरला. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितला. आबांनी मिशीला हात लावला, जणू शेवटचाच, आणि त्यांचा धीर सुटला.

“म्याडम, खोटं बोलणार न्हाय. तुमचं औषध आठच दिस नीट घेतलं. खाटंवर बसून, डोळं मिटून. पुढं शेरडानं घोटाळा केला. यंत्र गळ्यात घिऊन ते पळायचं आन् मला रोज पाऊण तास त्याच्या मागं चालाय लागलं. पार घाम फुटायचा! चूक झाली. पर ढोल काढून घिऊ नका.”

“थांबा, थांबा. खाटेवर बसून कोणतं औषध?”

“चाल! उडती चाल! तुमीच तर सांगितली की, पाऊण तास!”

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट तोंडासमोर धरला. थोड्या वेळानं रिपोर्ट गदागदा हलायला लागला.

तेव्हा म्हाळसाबाईंनी पदराची गाठ सोडली, छापील कागद टेबलावर पसरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. “अवो, हितं बघा. ‘चाल’च्या फुडं ‘णे’ हाय. चालणे. पायानं.”

आबांनी वाकून ते अक्षर बघितलं. वाचता आलं नाही, पण दिसलं. “केवढंसं तर हाय त्ये.”

“तेवढ्याचंच औषध व्हतं.”

“तुला कवा कळलं?”

“बंडी धुतली त्या दिशी.”

“मग सांगायचं न्हाय व्हय?”

“भरल्या एसटीत मिश्या पणाला लावलेल्या माणसाला? आन् सांगून ऐकलं असतं? माणसाच्या बोलण्यानं कधी उठलाय तुमी? जन्मभर उठला ते शेरडा-मेंढरांच्या मागं. म्हनून म्हटलं, शेरडालाच सांगावं.”

आबांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. “म्हंजे ती काळ्या लोकरीची गाठ...”

“शेरडू गाठ मारतंय व्हय?”

आबा बायकोकडं बघत राहिले. पुढारी मेंढा न हाकता अख्खा कळप वळवतो, तेव्हा बघायचे तसे.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःची खुर्ची म्हाळसाबाईंपुढं सरकवली. “बसा आजी. साखर उतरलीय यांची, आणि ती तुम्ही उतरवलीय. मानसिंगराव, ढोल वाजवा जत्रेत. पण चाल सोडू नका.”

“कुठली, म्याडम?” आबांनी या वेळी आधी विचारून घेतलं.

त्या दिवसापासून त्या दवाखान्याच्या छापील कागदावर ‘चालणे’पुढं पेनानं दोन शब्द लिहिलेले असतात: ‘स्वतःच्या पायांनी’.

जत्रेचा दिवस आला. आबांच्या गळ्यात ढोल, अंगावर नवी बंडी, मिश्या जागच्या जागी. रिंगण धरलं गेलं. सावळाराम बघ्यांच्या पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, कान टवकारून उभा. भामाबाईंनी भिंगरीलाही हार घालून आणलं होतं, कारण त्यांच्या मते तीही दवाखान्यातलीच होती.

आबांनी काठी उचलली. ढोल घुमला. अशी उडती चाल कऱ्हाटीनं दहा वर्षांत ऐकली नव्हती!

भिंगरीनंही ती ऐकली. तिनं मान उंच केली, भामाबाईंच्या हाताला हिसडा दिला आणि रिंगणातून नदीच्या वाटेला लागली. म्हस्कू उठला. सतरा पेशंट उठले. सगळे मागं निघाले. आणि आबा? गळ्यात ढोल, हात वाजवतायत, पण पाय शेळीच्या मागं! अख्खं रिंगण त्यांच्यामागं सात-आठ पावलं गेलं, तेव्हा कुठं म्हाळसाबाईंनी धावत जाऊन ढोलाची दोरी धरली.

“आज न्हाय! आज हितंच ऱ्हावा!”

आबांनी जागच्या जागी गिरकी घेतली, जणू नाचातलंच पाऊल, आणि रिंगण परत फिरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावळारामानं हाताची घडी सोडली.

“मानसिंगा, ही कुठली रं नवी चाल?”

आबांनी आधी म्हाळसाबाईंकडं पाहिलं, मग मिशीवरून हात फिरवला.

“‘णे’ लावलेली हाय.”